पेट्रोलातले इथेनॉल आणि आपल्या उसाचे पाणी



वसमतला किंवा हिंगोलीला पंपावर मोटारसायकलमध्ये पेट्रोल भरताना आपण आकडा शून्यावर आहे ना, एवढेच पाहतो. टाकीत काय पडते ते पाहत नाही. २०२५ सालापासून देशातल्या बहुतेक पंपांवर जे पेट्रोल मिळते, त्यात शंभर लिटरमागे वीस लिटरपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल म्हणजे मद्यार्क. तो उसापासून निघतो, नाही तर मका-तांदळापासून. म्हणजे रानात पिकलेल्या मालाचा एक हिस्सा आता गाडीच्या टाकीत जातो.

हे आपोआप झालेले नाही. हवामान बदलास आळा घालण्याचा जो शब्द भारत सरकारने जगाला दिला आहे, त्याच्याशी याचा संबंध आहे. परदेशातून तेल आणण्याचा खर्च वाचावा आणि उसाच्या पैशाची तुंबलेली वाट मोकळी व्हावी, हेही हेतू त्यात आहेत. आता कुणी म्हणेल, दिल्लीचं दिल्लीला ठाऊक, आम्हाला काय करायचं? पण २०२३ च्या डिसेंबरात दिल्लीहून एक आदेश निघाला आणि ऐन हंगामात राज्यातल्या कारखान्यांची गणिते एका दिवसात बदलली. ते का झाले, आणि त्याचा आपल्या पाटाच्या पाण्याशी काय संबंध, हे सभासदांनी नीट समजून घ्यावे म्हणून हा पाठ लिहीत आहे. थोडी आकडेमोड आहे. पेन्सिल घेऊन बसले तर बरे.

मूळ गोष्ट कर्बाची

पेट्रोल, डिझेल आणि दगडी कोळसा या तिन्ही वस्तू जमिनीच्या पोटात कोट्यवधी वर्षे गाडलेल्या होत्या. त्या जाळल्या की त्यातला कर्ब कार्बन डायऑक्साइड वायू होऊन हवेत जातो. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण सव्वादोन ते अडीच किलो हा वायू तयार होतो. आपण टाकीत पाऊण किलोच्या आतबाहेर वजनाचे लिटरभर पेट्रोल ओततो आणि नळीतून त्याच्या तिप्पट वजन बाहेर पडते, हे ऐकून नवल वाटेल. पण हवेतला प्राणवायू त्यात मिसळतो म्हणून वजन वाढते. हा वायू पृथ्वीभोवती गोधडीसारखा राहतो. सूर्याची ऊब आत येते, ती पुरती बाहेर जात नाही.

उसाचे वेगळे आहे. उसाच्या पानाने कर्ब घेतला तो याच वर्षीच्या हवेतून. त्याची साखर झाली, साखरेचे मद्यार्क झाले, ते गाडीत जळले आणि तो कर्ब परत हवेत गेला. पुढच्या लागणीने तो पुन्हा ओढून घेतला. ज्याचे त्याला परत, अशी ही उसनवारी आहे. पेट्रोलचा कर्ब मात्र गाडलेल्या हंड्यातून काढलेला असतो, तो परत जमिनीत जात नाही. म्हणून पेट्रोलाच्या जागी इथेनॉल जाळले तर तेवढा नवा कर्ब हवेत जाण्याचा टळतो. सरकारच्या योजनेमागचे शास्त्र हे एवढेच.

पण उसनवारी बिनव्याजी असेल तर! व्याज कुठे लागते, ते पुढे येईल.

सरकारने काय ठरवले

पर्यावरणावरची पहिली मोठी जागतिक परिषद १९७२ च्या जूनमध्ये स्टॉकहोमला भरली. पंतप्रधान इंदिरा गांधी तिथे जातीने गेल्या होत्या, आणि गरिबी हटवल्याशिवाय पर्यावरणाच्या गोष्टी पोकळ ठरतात, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. त्याच साली आपल्याकडे पावसाने पाठ फिरवली. बहात्तरचा दुष्काळ म्हटले की आजही मराठवाड्यातली म्हातारी माणसे खडी फोडल्याच्या आणि सुकडी खाल्ल्याच्या आठवणी सांगतात. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका आयोगाने ‘शाश्वत विकास’ हा शब्द जगभर रूढ केला. त्याचा अर्थ असा की आजची गरज भागवताना पुढच्या पिढीच्या गरजेवर घाला घालायचा नाही. शेतकऱ्याला हे नवे नाही. कितीही नड असली तरी कणगीतले बियाणे दळायचे नसते.

भारत सरकारने ३० जून २००८ रोजी हवामान बदलाबाबतचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यात आठ मोहिमा होत्या. त्यातल्या सौर ऊर्जा, पाणी आणि शाश्वत शेती या तीन थेट आपल्या बांधावर येतात. पाण्याच्या मोहिमेत तर पाणी वापराची कार्यक्षमता वीस टक्क्यांनी वाढवायची, असे स्वच्छ लिहिले होते. २०१५ साली पॅरिसचा करार झाला. २०२१ च्या नोव्हेंबरात ग्लासगो येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २०७० सालापर्यंत देशाचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणू, असे जाहीर केले. २०२२ साली त्यात भर पडली. २००५ च्या तुलनेत दर रुपयाच्या उत्पन्नामागचे उत्सर्जन २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी करायचे, आणि वीजनिर्मितीची निम्मी क्षमता कोळसा-तेल सोडून इतर साधनांची करायची. हा दुसरा टप्पा २०२५ च्या मध्यालाच गाठला गेला. अर्थात क्षमता निम्मी झाली म्हणजे वीज निम्मी झाली असे नव्हे. रात्री सूर्य नसतो, त्यामुळे प्रत्यक्ष वीज अजून बरीचशी कोळशाचीच आहे. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण वर्तमानपत्रांत दोन्हींची गल्लत होते.

इथेनॉलची वाटचाल

पेट्रोलात पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ च्या जानेवारीत नऊ राज्यांत सुरू झाला. पहिली दहा-बारा वर्षे तो रडतखडतच चालला. २०१३-१४ साली देशात मिश्रण जेमतेम दीड टक्का होते. खरा बदल झाला तो २०१८ च्या जैवइंधन धोरणाने. तोवर साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीपासूनच मद्यार्क काढला जाई. त्या मळीला सी-हेवी म्हणतात. नव्या धोरणाने मधल्या टप्प्यावरच्या बी-हेवी मळीला आणि थेट उसाच्या रसालाही परवानगी दिली आणि प्रत्येकाचा वेगळा भाव ठरवला. आसवनी उभारण्यासाठी कर्जाच्या व्याजात सवलत मिळाली. पुढे वीस टक्क्यांचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर अलीकडे ओढले गेले. दहा टक्के मिश्रण २०२२ च्या जूनमध्ये, ठरल्या मुदतीच्या पाच महिने आधी झाले, आणि २०२३-२४ साली ते साडेचौदा टक्क्यांच्या पुढे गेले.

सभासदाने इथे तीन आकडे लक्षात ठेवावेत. एक टन उसाच्या शेवटच्या मळीतून साधारण दहा-अकरा लिटर इथेनॉल मिळते. बी-हेवी केली तर साखर थोडी कमी निघते, पण इथेनॉल वीस लिटरच्या आसपास जाते. सगळा रसच वापरला तर साखर नाहीच, आणि इथेनॉल सुमारे सत्तर लिटर. २०२४-२५ साली सरकारी भाव होते रसाच्या इथेनॉलला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे, बी-हेवीला ६० रुपये ७३ पैसे आणि सी-हेवीला ५७ रुपये ९७ पैसे.

सहकारी कारखान्यांना हा आधार का वाटला, तेही सांगतो. साखरेचा किमान विक्री दर २०१९ च्या फेब्रुवारीत किलोला ३१ रुपये ठरला आणि २०२५ सालच्या हंगामापर्यंत तो तिथेच होता. उसाची एफआरपी मात्र २०१९-२० साली क्विंटलला २७५ होती, ती २०२५-२६ ला ३५५ झाली. ती वाढलीच पाहिजे, खतांचे आणि मजुरीचे भाव पाहता ती कमीच म्हणावी लागेल. पण एका हाताला भाव बांधलेला आणि दुसऱ्या हाताला वाढता, यात कारखान्याची ओढाताण होते. साखर गोदामात पडून राहते, बँकेचे व्याज चढते आणि सभासदाचे बिल लांबते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून तुलनेने लवकर येतात. तेव्हा हवामानाच्या नावाने आलेली ही योजना उसाच्या बिलाच्या कामीही आली, हे मान्य केले पाहिजे.

७ डिसेंबर २०२३

आता त्या आदेशाकडे येऊ. २०२३ चा ऑगस्ट आठवा. जुलैचा पाऊस झाला आणि मग आभाळ कोरडे पडले. देशात १९०१ पासून नोंदी आहेत, त्यांत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. प्रशांत महासागरात एल निनो होता. मराठवाड्यात सोयाबीन फुलात असताना माना टाकू लागले, उसाच्या पेरांची लांबी घटली. साखर कमी होणार असा अंदाज आला. बाजारात साखरेचा भाव भडकू नये म्हणून केंद्र सरकारने ७ डिसेंबरला उसाचा रस इथेनॉलसाठी वापरण्यास मनाई केली. आठवडाभरात, १५ डिसेंबरला, ती थोडी सैल झाली. रस आणि बी-हेवी मिळून १७ लाख टन साखरेइतकाच माल इथेनॉलकडे वळवता येईल, अशी मर्यादा घातली गेली. ती २९ ऑगस्ट २०२४ ला पुढच्या वर्षासाठी उठली.

मधल्या काळात ज्यांनी कर्ज काढून आसवन्या मोठ्या केल्या होत्या, त्यांची यंत्रे पुरेशी चालली नाहीत, हप्ते मात्र चालू राहिले. आणि इथेनॉलचे उद्दिष्ट थांबले नाही. तेल कंपन्यांनी मक्याकडे मोहरा वळवला. २०२३-२४ साली देशातले निम्म्याहून अधिक इथेनॉल धान्यापासून आले, आणि ही वाट पुढेही रुंदच होत गेली. मक्याच्या इथेनॉलचा भाव लिटरला ७१ रुपये ८६ पैसे, उसाच्या रसापेक्षा सव्वासहा रुपये जास्त. २०२५ च्या मार्चमध्ये केंद्राने सहकारी कारखान्यांना आपल्या आसवन्या मक्यावरही चालतील अशा करून घेण्यासाठी व्याज सवलतीची योजना आणली. यातून काय वारे वाहत आहे ते समजते.

पुष्कळांनी तेव्हा सरकारला दोष दिला. धोरण घडीघडीला बदलू नये, कर्ज काढायला लावून मध्येच दोर कापू नये, ही तक्रार रास्तच आहे. पण मला वाटते, तिथेच थांबणे बरे नाही. आदेश दिल्लीने काढला, तो काढायला लावला पावसाने. हवामान सुधारावे म्हणून जे पीक इंधनाला वापरायचे ठरले, तेच हवामानाच्या फटक्यात सापडले. उद्या पुन्हा ऑगस्ट कोरडा गेला, तर दिल्लीत कुणीही बसलेले असो, खाण्याची साखर आधी आणि गाडीचे इंधन नंतर, हेच ठरणार. आणि तसेच ठरायला हवे.

म्हणून आपल्या हातात जे आहे ते पाहू. ते आहे पाणी.

पाण्याचा हिशेब

एक एकर रानात एक मिलिमीटर पाणी उभे केले तर ते साधारण चार हजार लिटर भरते. पाटाने मोकळे पाणी देणाऱ्या रानात बारा महिन्यांच्या उसाला, पाऊस धरून, दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे एकरी ऐंशी लाख लिटर. आडसालीला याहून जास्त. आपल्या जिल्ह्याचा सरासरी पाऊस आठशे-नऊशे मिलिमीटर, त्यातलाही बराच ओढ्यानाल्यांनी कयाधू-पूर्णेला वाहून जातो. उरलेले सगळे पाणी येलदरी-सिद्धेश्वरच्या आवर्तनातून, इसापूरच्या कालव्यातून, नाही तर विहीर-बोअरमधून यायचे.

ऐंशी लाख लिटर म्हणजे किती? २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांच्या घराला वर्षाला एक लाख लिटर झाले. एक एकर ऊस म्हणजे ऐंशी घरांचे वर्षाचे पाणी.

आता इथेनॉलकडे लावून पाहू. समजा एकरी तीस टन ऊस निघाला. ऐंशी लाखाला तीसने भागा, टनाला सुमारे दोन लाख सदुसष्ट हजार लिटर पाणी पडले. सगळा रस इथेनॉलला गेला तर सत्तर लिटर. एका लिटर इथेनॉलमागे ३,८०० लिटर पाणी! एकरी चाळीस टन काढले तर हाच आकडा २,८५० वर येतो. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीने २०२१ च्या इथेनॉल आराखड्यात उसाच्या इथेनॉलला लिटरमागे २,८६० लिटर पाणी धरले आहे, तो आपल्या या हिशेबाशी जुळतो. आणि ठिबकावर चाळीस टक्के पाणी वाचवून, म्हणजे अठ्ठेचाळीस लाख लिटरमध्ये, एकरी पन्नास टन काढले तर? टनाला ९६ हजार लिटर, आणि इथेनॉलला लिटरमागे १,३७० च्या आसपास. तीच जमीन, तोच कारखाना, पाणी निम्म्याहूनही कमी.

कुणी हुशार सभासद इथे विचारील, शेवटच्या मळीचे इथेनॉल तर साखर काढून झाल्यावर उरलेल्या मालाचे, त्याला वेगळे पाणी कुठे लागते? बरोबर आहे. ते पाणी साखरेच्या खात्यावर पडलेलेच असते, मळी काढली नाही तरी. म्हणून हवामानाच्या दृष्टीने सी-हेवीचे इथेनॉल सगळ्यांत निर्मळ. रसाचे इथेनॉल करायला जेव्हा नवा ऊस लावला जातो, तेव्हा वरचा हिशेब पुरा लागू होतो.

आता मघाशी ज्याचा उल्लेख केला ते उसनवारीचे व्याज. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश शक्ती कमी असते, त्यामुळे सत्तर लिटर इथेनॉल फार तर सेहेचाळीस लिटर पेट्रोलची जागा घेते. (गाडी थोडे कमी अंतर देते अशी जी कुरकुर चालते, तिचे कारण हेच. दुचाकीला वीस टक्के मिश्रणात तीन-चार टक्के फरक पडेल, असे सरकारच्याच आराखड्यात नमूद आहे.) म्हणजे एक टन उसाच्या रसामागे पेट्रोलचा शंभरेक किलो कार्बन डायऑक्साइड टळला, तीस टनाला एकरी तीन हजार किलो. यातून वजाबाकी करायची. ट्रॅक्टरचे आणि वाहतुकीचे डिझेल, मोटारीची कोळशाची वीज, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित म्हणजे युरिया. सुरू उसाला एकरी शंभर किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे ४५ किलोच्या पाच गोण्या. रानात पडलेल्या नत्रातला साधारण शंभरावा हिस्सा नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. प्रमाण किरकोळ, पण हा वायू किलोला किलो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट उष्णता धरतो. पाच गोण्यांचे उत्सर्जन एकरी चारशे किलोवर जाते. आणि शेजाऱ्याने आठ टाकल्या म्हणून आपण नऊ टाकल्या तर ते त्याच प्रमाणात वाढते, ऊस मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. तुंबलेल्या पाण्यात तर हा वायू अधिकच सुटतो. जादा पाणी आणि जादा युरिया हे जोडीने चालणारे दोन खर्च आहेत, आणि दोन्ही सभासदाच्याच खिशातून जातात.

ऊस बंदच करावा काय?

२०१९ साली मराठवाड्याच्या विभागीय आयुक्तांनी शासनाला पाठवलेल्या अहवालात मराठवाड्यात उसावर बंदी घालावी, अशी शिफारस होती. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हापासून ही मागणी अधूनमधून उठतेच. तिला नुसते शहरी लोकांचे खूळ म्हणून उडवून लावणे सोपे आहे, पण वरचा ऐंशी घरांचा हिशेब तिच्या मागे उभा आहे हे विसरू नये.

तरीही सरसकट बंदी मला पटत नाही. ऊस हे गारपिटीत, अवकाळीत त्यातल्या त्यात टिकणारे पीक आहे. त्याला ठरलेला भाव आहे आणि विकत घेणारा कारखाना सभासदाच्या मालकीचा आहे. सोयाबीनला हे तिन्ही नाही. आपल्याकडे हळद आहे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट. पण हळदीलाही आठ-नऊ महिने पाणी लागते, आणि भाव एका वर्षी डोक्यावर तर दुसऱ्या वर्षी पायाशी. तेव्हा प्रश्न ऊस की हळद असा नसून, जे लावू त्याला किती पाणी देऊ, असा आहे.

शिवाय आता अडचण नुसत्या कमी पावसाची राहिलेली नाही. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. एक अंश तापलेली हवा सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. २०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत आपल्या जिल्ह्यात काय झाले ते सर्वांनी पाहिले. २०२५ च्या सप्टेंबरात तर सबंध मराठवाडा पाण्याखाली होता. काळ्या भारी रानात आठवडाभर पाणी उभे राहिले की उसाच्या मुळ्या गुदमरतात, वाढ खुंटते. ज्याने रानाच्या उताराला चर काढून ठेवले त्याचे नुकसान कमी. ठिबकाबरोबर चरही हवा, ही गोष्ट आपल्याकडे अजून मनावर घेतली जात नाही.

ठिबकाला सरकारी मदत आहे. २०१५ पासून प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेत प्रत्येक थेंबाला अधिक पीक या नावाने अनुदान चालू झाले. अल्पभूधारकाला ५५ आणि इतरांना ४५ टक्के असे केंद्राचे प्रमाण, त्यावर राज्याने भर घालून ते मंजूर खर्चाच्या अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत नेले. २०१७ साली राज्य मंत्रिमंडळाने उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचे करण्याचे ठरवले. सक्ती कागदावर राहिली, हेही खरे. २०१८ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला, ज्याला गावागावांत पोकरा म्हणतात. पंधरा जिल्ह्यांत हिंगोली होता. बदलत्या हवामानाला तोंड देणे हाच त्याचा उद्देश, आणि निवडलेल्या गावांत शेततळी, ठिबक, रुंद सरी-वरंब्यावरचे सोयाबीन अशी कामे झाली. गाव यादीत असेल तर लाभ, नसेल तर नाही, आणि पैसे आधी आपण घालायचे, अनुदान मागाहून. ज्याच्या हाताशी पैसा नाही त्याला हे जड जाते. कारखान्यांनी उसाच्या बिलातून हप्ते फेडण्याच्या अटीवर मध्यस्थी केली तर अशा सभासदाची अडचण सुटू शकते. हा विषय वार्षिक सभेत मांडण्याजोगा आहे.

दोन गोष्टी मात्र ठिबक बसवणाऱ्याने ध्यानात धराव्यात. नळ्या टाकल्या पण लाईट रात्रीची, म्हणून मोटार चालू करून झोपले आणि सकाळी सरीत डबकी साचलेली, असे रान ठिबकाचे नव्हे. पांढऱ्या मुळीजवळची वीतभर माती ओलसर राहिली की पुरे. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. ठिबकाने दोन एकरांचे पाणी वाचले म्हणून तिसरा एकर ऊस लावला, तर सभासदाचा फायदा झाला, पण धरणात नि विहिरीत एक थेंब वाचला नाही. सरकारच्या अहवालात तेवढे ठिबकाखालचे क्षेत्र वाढलेले दिसेल, बोअरचे पाणी मात्र पूर्वीच्याच वेगाने खाली जाईल. वाचलेल्या पाण्यावर हरभरा, करडई, भाजीपाला घेतला तरच काही उरते.

पाचटाविषयी

ज्याला आज ठिबक परवडत नाही, त्यालाही या हंगामात एक काम बिनपैशाचे करता येईल. ते म्हणजे पाचट न जाळणे. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते, एकरी तीन-चार टन. त्यात अर्धा टक्का नत्र, थोडे स्फुरद, टक्क्याच्या आत पालाश आणि वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त सेंद्रिय कर्ब असतो. काडी लावली की नत्र आणि कर्ब धुरात गेला, खाली राख. शिवाय जमिनीच्या वरच्या थरातले जिवाणू भाजून निघतात. पाचट सरीत ठेवले तर ऊन थेट मातीला लागत नाही, ओल टिकते आणि खोडव्याच्या पाण्याच्या पाळ्या लांबवता येतात. एप्रिल-मे महिन्यांत आवर्तन चुकले तर हाच फरक पीक तारतो.

तोडणी झाली की पाचट एक आड एक सरीत किंवा सर्व सरींत सारखे पसरावे. बुडखे उघडे ठेवून धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत, म्हणजे फुटवे खालून आणि जोमाने येतात. एक टन पाचटाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू, असे प्रमाण आहे. जिवाणू शेणकाल्यात मिसळून टाकावेत, युरियाबरोबर एकत्र कालवू नयेत. मग हलके पाणी द्यावे. पहिल्या पाण्याला थोडा वेळ लागतो, पाणी सरीतून हळू सरकते, त्यामुळे घाबरून पाचट बाहेर ओढू नये. तीन-चार महिन्यांत ते बरेचसे कुजते. खोडव्याला खत पृष्ठभागावर फेकण्याऐवजी पहारीने छिद्र घेऊन बुडख्यापासून वीतभर अंतरावर द्यावे, त्यात युरियाची बचत आहे आणि उडून जाणारे नत्रही कमी. अधिक माहिती कारखान्याच्या शेतकी विभागात, कळमनुरी तालुक्यातील तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात मिळेल.

टोळी फडात उतरण्याआधीच मुकादमाला सांगून ठेवावे की ऊस पेटवून तोडायचा नाही. जळीत उसाला कपात लागते हे सभासदांना ठाऊक आहेच. पाचट न जाळता ठेवणार असाल तर तशी नोंद चिटबॉयकडे तोडणीची तारीख मिळाल्याबरोबर करावी, म्हणजे जिवाणूंची मागणी शेतकी विभागाला वेळेत करता येईल.